गाडी जाईपर्यंत

सोमवार, १८ नोव्हेंबर १९८५

आज मी मुंबईत राहायला आले. राजापूरहून निघालेल्या एसटीने सकाळी बोरिवलीला उतरवले, तेव्हा आईने बांधून दिलेल्या कोकम आगळाच्या बाटलीचे बूच निघून माझी एकुलती एक नवी साडी गुलाबी झालेली होती. तरीही मी आनंदात होते आणि अजूनही आहे. न्यायला चंदरदादा रिक्षा घेऊन आला होता. शालान्त परीक्षेत तालुक्यात पहिली आलेली मुलगी पिशवी उलटी धरते, हे त्याला फारच आवडले. जोगेश्वरीपर्यंत तो त्यावरच हसत होता.

चंदरदादा म्हणजे बाबांचे चुलतभाऊ सहदेवकाका यांचा मुलगा. माझी राहण्याची सोय त्यांच्याच घरी झाली आहे. जोगेश्वरीच्या लेण्यांच्या मागच्या चढावर त्यांची बैठी चाळ आहे. काका कापडगिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे, होते. संपानंतर गिरणी सुटली. आता ते अंधेरीतल्या एका लहान कारखान्याच्या फाटकावर बसतात. चाळीत बहुतेक सारी आमच्या बाजूची, गिरणीतून बाहेर पडलेली माणसे आहेत. चंदरदादाची बायको पद्मजा बाळंतपणासाठी खाडीपलीकडे मनोरीला, माहेरी गेली आहे. ती तिथल्या कोळ्यांची मुलगी. प्रेमाकाकूंनी, म्हणजे चंदरदादाच्या आईने, तिची खाट मला दिली आणि बजावले की सून आली की मला खाली निजावे लागेल. मी आनंदाने मान्य केले.

बुधवार, २० नोव्हेंबर

कार्यालय अंधेरीला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. भिंतभर नकाशा, आणि त्यावर मुंबईपासून थेट गुजरातेत जाणारी तांबड्या पेन्सिलीची रेघ. या रेघेवरून कधी काळी अतिवेगवान रेल्वे धावेल. अजून काहीही मंजूर नाही. आपले सरकार आणि जपानी अभियंते मिळून ती शक्य आहे का, एवढेच तपासत आहेत. मी संख्याशास्त्राची पदवीधर, म्हणून मला क्षेत्र-सहायिका नेमले आहे. माझे वरिष्ठ तळपदे साहेब गोरेपान, घाईघाईने बोलणारे. त्यांनी मला इंग्रजीत काही विचारले आणि मी शब्द जुळवेपर्यंत ते पुढे निघून गेले. मग ओकाबे साहेब आले. ते जपानी पथकाचे प्रमुख. त्यांचे इंग्रजीही माझ्यासारखेच एकेक शब्द जुळवून येते. मला फार हायसे वाटले.

ती रेघ आमच्या चाळीच्या अगदी कडेने जाते. घर कुणाचेही पडणार नाही, परंतु गाडी दाराशी येईल. ओकाबे साहेबांनी सांगितले की त्यांच्या देशात रुळालगतच्या लोकांनी हादऱ्यांपायी कज्जा केला, म्हणून या खेपेस आधी विचारायचे असे ठरले आहे. रूळ टाकण्यापूर्वी माणसांना विचारायचे, ही गोष्ट मला अतिशय सुंदर वाटली.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

कंपनयंत्राचा ट्रक चाळीखाली उभा राहिला. गाडी जाताना जमीन जेवढी आणि जितका वेळ हादरेल, तेवढी हे यंत्र ती हादरवते. म्हणून त्या हादऱ्यालाच आम्ही गाडी म्हणतो. प्रत्येक घरी एक छापील पत्रिका दिली आहे. जाणवले नाही, थोडे जाणवले, खूप जाणवले, यांपैकी एकावर खूण करायची.

चाचणी पुरती फसली. कुणी भांडी घासत होते, कुणी भांडत होते. प्रेमाकाकू पाट्यावर खोबरे वाटत होत्या. गाडी गेली, असे मी सांगितल्यावर त्या म्हणाल्या की असेल बापडी, पण माझ्या वरवंट्यापुढे तिचे काय चालणार. चढाच्या खालच्या टोकाच्या खोलीतल्या बाईंनी तर तिन्ही पर्यायांवर खुणा करून ठेवल्या, कुणाला वाईट वाटू नये म्हणून. तळपदे साहेब वैतागले. असल्या उत्तरांवर जपानी लोक काय बांधणार, असे ते मला सर्वांदेखत बोलले.

सोमवार, २ डिसेंबर

मला एक युक्ती सुचली आणि धीर करून ती मी बोलून दाखवली. शाळेत हुतात्मा दिनाचे मौन दरवर्षी मीच चालवत असे. शहरात भोंगा होतो, हातातले काम जिथल्या तिथे सुटते, आणि पुढचा भोंगा होईपर्यंत कुणी पापणीही हलवत नाही. तसेच येथे करावे. यंत्र सुरू होण्यापूर्वी मी शिट्टी वाजवेन. ज्याने त्याने हातातले ठेवून खाली बसावे, डावा तळहात जमिनीवर टेकावा आणि गाडी जाईपर्यंत स्थिर राहावे. मनात दुसरे काही आणू नये. मग खूण करावी.

ओकाबे साहेब माझ्यापुढे कमरेत वाकले. असे माझ्यापुढे आजवर कुणी वाकले नव्हते.

मंगळवार, १० डिसेंबर

गेला आठवडाभर घरोघरी शिकवते आहे. प्रत्येक घरी आधी स्वतः बसून, तळहात टेकून, करून दाखवते. माणसे हसतील अशी भीती होती, पण कुणीच हसले नाही. ती इतक्या सहज शिकली की मलाच नवल वाटले. संध्याकाळी सहदेवकाकांना कारण विचारले. ते विडी वळता वळता म्हणाले, “भोंगो झालो की हात आपसूक चलतत नि आपसूक थांबतत, बाय. तीस वर्सा तो कानात होतो. संपानंतर कान रिकामो झालो. तू तो परत दिलंस.”

आजच्या पत्रिका निर्मळ आल्या. एकही खूण चुकली नाही. तळपदे साहेबांनी माझ्यासाठी चहा मागवला.

शनिवार, २१ डिसेंबर

येथले काम संपले. ट्रक बोरिवलीला गेला. चाळीने नारळ देऊन माझा सत्कार केला. आईला पत्र लिहिले की माझी नोकरी कायम होण्याचा संभव आहे.

मंगळवार, २४ डिसेंबर

आज सकाळी नळावर एक विचित्र गोष्ट घडली. रांगेतल्या बायका बोलत होत्या. मध्येच सगळ्या गप्प झाल्या, खाली बसल्या आणि त्यांनी तळहात ओल्या फरशीवर टेकले. कळशी भरून वाहू लागली तरी कुणी नळ बंद केला नाही. शिट्टी माझ्या ट्रंकेत होती. ट्रक बोरिवलीला होता.

मग त्या उठल्या आणि बोलणे जिथे तुटले होते तिथूनच सुरू केले. मी विचारले तर प्रेमाकाकूंनी अगदी साधेपणाने सांगितले की गाडी गेली.

गुरुवार, २ जानेवारी १९८६

सवय आहे, जाईल, असे मी स्वतःला बजावत होते. ती गेली नाही. गाडी दिवसातून अनेकदा जाते. सगळी चाळ एकदम बसते. बाहेरगावचे पाहुणे तेवढे उभे राहून इकडेतिकडे बघत राहतात.

मी तळपदे साहेबांना कळवले. ओकाबे साहेबांनी मोजणीची पेटी पाठवून जमीन तपासली. पेटीची सुई हलली नाही. सुई शांत होती आणि पेटीच्या भोवती सारी माणसे तळहात टेकून बसली होती. तळपदे साहेबांना ती श्रद्धा वाटली. ते म्हणाले की कोकणातले लोक कशापुढेही बसतात.  जाताना ओकाबे साहेबांनी आपला बूट जमिनीवर हळूच आपटून पाहिला.

बुधवार, ८ जानेवारी

गाडी लांब होत चालली आहे. हे मी म्हणत नाही, काका म्हणतात. डबे वाढले, असे ते कौतुकाने सांगतात. पूर्वी एका श्वासात जायची, आता भात लागण्याचा वास येईपर्यंत जात नाही. मी चुलीवरची पातेली उतरवत फिरते. एका घरी स्टोव्ह भडकला होता आणि बाई शेजारी शांत बसली होती. तिच्या पदराची कड मी विझवली. ती उठल्यावर तिने पदराकडे पाहिले, भोकात बोट घातले आणि भाजी ढवळू लागली.

मी प्रेमाकाकूंना विचारले की तेवढ्या वेळात नेमके काय जाणवते. वाईट काही नाही, असे त्या म्हणाल्या. गुडघे दुखत नाहीत. संपाच्या काळात वारलेल्या थोरल्या मुलाची आठवण येत नाही. गाडीच्या आत दिवे असतात, बाके असतात. मग म्हणाल्या, “काल खिडकीकडे मीच बसललंय. पाठमोरी.”

त्यांनी हे मीठ संपल्याचे सांगावे तसे सांगितले. जेवणात खरेच मीठ नव्हते. कुणीही ते बोलले नाही. मीही नाही.

बुधवार, १५ जानेवारी

पद्मजा मुलीला घेऊन परत आली. मुलीचे नाव रेवा. पद्मजा ठणठणीत आवाजाची, हसरी. येताच तिने सासूच्या गळ्यात हात टाकला, आणि काकूंनी नातीकडे बघून, ही कुणाची, असे विचारले. पद्मजाला ती थट्टा वाटली. आईंना आता नातीचा पण पत्ता लागेना का, म्हणून ती खूप हसली. नंतर तिने मला मागच्या दारी नेले आणि हे काय चालले आहे म्हणून दरडावून विचारले. मी सगळे सांगितले. ती रागावेल असे वाटले होते. तिने फक्त डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली की मनोरीत असे कुणी बसलेले तिने तरी पाहिले नाही.

आज लिहिताना कागदावर शाईचा मोठा— डाग पडला आहे. पेन बदलायला हवे.

शुक्रवार, २४ जानेवारी

चंदरदादा चौकात रिक्षा चालवता चालवता थांबला. इंजिन चालू, हात रिक्षाच्या पत्र्यावर टेकलेला. मागून टेम्पोने धडक दिली. तो वाचला. घरी येऊन त्याने कपाळावरचे रक्त पुसले आणि पुन्हा धंद्यावर जाण्यासाठी चप्पल शोधू लागला. मला आल्या दिवशी जो हसला होता, तो हा नव्हे. पद्मजाने रिक्षाची चावी चोळीत खोचली. तो वाद न घालता खाटेवर बसला. पूर्वी भांडला असता गं, असे ती मला म्हणाली आणि तेवढ्यानेच तिला रडू आले.

गुरुवार, ३० जानेवारी

आज हुतात्मा दिन, मौनाचा दिवस. मला वेडी आशा होती. दुसरा भोंगा झाला की सगळे उठतील, आणि ज्या रीतीने हे सुरू झाले त्याच रीतीने संपेल.

पहिला भोंगा झाला. चाळ बसली. दुसरा भोंगा झाला.

कुणी उठले नाही.

मी ओट्याओट्यावरून हाका मारत गेले. मंडळी, संपले, असे मी म्हणत होते. शाळेत म्हणत असे तसेच. तेवढ्यात आमच्या मोरीतून रेवाचा आवाज आला. काकूंनी तिला पायांवर घेऊन न्हाऊ घालायला घेतले होते. त्यांचा डावा हात फरशीवर होता. उजव्या हातात कढत पाण्याचा तांब्या तिरका झाला होता आणि पाणी धारेने बाळाच्या पावलावर पडत होते. पद्मजा दुकानातून धावत आली. आम्ही दोघींनी बाळ सोडवले.

पाऊल भाजले आहे. डॉक्टर म्हणतात, भरून येईल. काकू नंतर उठल्या. पोर का रडते, म्हणून त्यांनी विचारले.

सोमवार, ३ फेब्रुवारी

कार्यालय बंद होत आहे. खर्च फार, म्हणून योजना बासनात गुंडाळली गेली. या शतकात तरी ही गाडी होणार नाही, असे तळपदे साहेब म्हणाले. अहवालात आमच्या चाळीविषयी एक परिच्छेद आहे. रहिवासी कंपनांना अनुकूल.

ओकाबे साहेबांना शेवटचे भेटले. या लोकांना कसे थांबवू, असे मी माझ्या तुटक इंग्रजीत विचारले. थांबलेलेच आहेत, असे त्यांनी तितक्याच तुटक इंग्रजीत उत्तर दिले. ते विनोद करत नव्हते. त्यांनी विचारले की शिकवताना तुम्ही स्वतः किती घरी बसून दाखवले. मी सांगितले की सगळ्या. ते माझ्याकडे बघत राहिले. मग

जेवण झाले. काका झोपले आहेत.

वरचे वाक्य अपुरे का राहिले ते आठवत नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सहदेवकाका काल सकाळी बसले ते उठले नाहीत. श्वास चालू आहे. डोळे उघडे. तळहात जमिनीपासून सुटत नाही. चंदरदादाने आणि मी ओढून पाहिला. मग चंदरदादाही शेजारी बसला.

चाळीत अशी आणखी माणसे आहेत. कुणी बोंब मारत नाही. वळसा घालून जातात.

मला भीती वाटायला हवी. वाटत नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

रविवार, ९ फेब्रुवारी

पद्मजा सांगते— रेवाला मनोरीला पोहोचवायचे. तिच्या आईकडे, कृष्णाबाईंकडे. निरोप गेला आहे. उद्या दुपारच्या भरतीला त्या होडीतून मारव्याच्या धक्क्यावर येतील आणि बाळ घेऊन जातील. पद्मजाला जाता येत नाही. दादाला सोडले तर तो चुलीत हात घालील.

तिने माझी हनुवटी धरून मला उजेडाकडे वळवले.

“तू नाही ना गं थांबत?”

मी नाही म्हणाले.

ती म्हणाली, “मग तूच ने. दुसरं कोण आहे मला.”

सोमवार, १० फेब्रुवारी, मारवे

धक्क्यावर पोहोचले. मालाडहून बसने आले. बसमध्ये रेवा मांडीवर होती. नंतर एका अनोळखी बाईच्या मांडीवर होती. ती बाई मला विचारत होती की ताई, बरे वाटते ना. मधले काही नाही.

म्हणजे मी थांबते. पद्मजाला खोटे सांगितले नाही. मला माहीत नव्हते. ज्या घरी शिकवले त्या प्रत्येक घरी मी बसले होते. माझ्याइतके कुणीच

लिहीत राहायचे. हे आता सुचले. लेखणी चालू आहे तोवर मी थांबलेली नाही. वही गुडघ्यावर, रेवा डाव्या हातात, कुशीत. तिचे पाऊल फडक्यात गुंडाळले आहे. ती पाण्याकडे बघते आणि हसते. भरती चढते आहे. खालच्या पायऱ्या बुडाल्या. मी वर सरकले.

समोर मनोरी दिसते. माड. होडी सुटली आहे, माणसे बारीक दिसतात.

परत बसमध्ये जाऊन रेवाला कुणाकडे तरी द्यावे का? बस गेली. धक्क्यावर कुणी नाही. एक कुत्रे. जाळे वाळत घातलेले.

लिही. काहीही लिही. माझे नाव नलिनी. राजापूर. आईचे नाव— आईचे

होडी निम्म्यावर. हिरवे लुगडे, त्याच कृष्णाबाई असाव्यात. उभ्या राहून हात हलवतात. मला हात हलवता येत नाही. एका हातात रेवा, एका हातात लेखणी. रेवा वळवळते. दोन्ही हातांनी धरायला हवी. दोन्ही हातांनी धरायची तर लेखणी खाली— लेखणी ठेवली तर—

धरली आहे. एका हाताने. घट्ट.

होडी जवळ. कृष्णाबाई ओरडतात. शब्द कळत नाहीत. का ओरडतात? मी लिहिते आहे. मी थांबलेली नाही. पायाखालचा दगड हलतो. पाण्यामुळे. लाटेमुळेच.

दिवे. दुपारी दिवे कसे—

नाही. लिहिते आहे. हे बघ, अक्षर नीट आहे. कृष्णाबाईंनी पाण्यात उडी टाकली. कशासाठी? माझा डावा तळहात दगडावर टेकलेला आहे. गार आहे दगड. डावा. मग रेवा